"आम्हाला कोणी विचारलं?" : कनॉवा काउंटी, १९७४

सप्टेंबर १९७४ मध्ये अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या कनॉवा काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, साडेतीन हजारांच्या आसपास कोळसा कामगार एका सकाळी खाणीत उतरलेच नाहीत. मागणी पगाराची नव्हती, सुरक्षिततेचीही नव्हती. युनियनने संप पुकारला नव्हता, उलट नेते कामावर परत जा म्हणून सांगत होते. हा संप शाळेच्या पुस्तकांविरुद्ध होता, तोही इंग्रजी भाषेच्या क्रमिक पुस्तकांविरुद्ध.

अमेरिकेत स्थायिक झालेली आमच्या घरातली मंडळी सुट्टीला आली की जेवणानंतर हटकून एक विषय निघतो: तिकडची गावाकडची माणसं एवढी चिडलीत तरी कशावर? उत्तरं ठरलेली असतात. कोणी म्हणतं वर्णद्वेष, कोणी म्हणतं कारखाने गेले, कोणी म्हणतं टीव्हीने डोकी भडकवली. या सगळ्यात तथ्य आहे. पण मला एकच उत्तर द्यायचं असेल, तर मी आजच्या कुठल्या नेत्यापासून सुरुवात करणार नाही, कनॉवापासून करेन. मी शाळेत भाषा शिकवते. ज्या भांडणाचं मूळ भाषेच्या पुस्तकात आहे, ते मला जवळचं वाटतं, आणि त्यातलं माझ्या बाजूच्या लोकांचं चुकणं मला जास्त लागतं.

जागा आणि माणसं

नाव लिहितात कनॉवा, तिथले लोक म्हणतात कनॉ. राज्याची राजधानी चार्ल्सटन याच काउंटीत आहे. नदीच्या काठाने रासायनिक कारखान्यांची रांग होती. युनियन कार्बाइडचा इन्स्टिट्यूट नावाच्या गावातला कारखानाही त्यातच होता. भोपाळमध्ये १९८४ साली जो वायू सुटला, तो मिक वायू इथेही तयार होत असे.

शहरापासून पूर्वेला वर गेलं की डोंगर जवळ येतात आणि अरुंद घळी सुरू होतात. इंग्रजीत त्यांना हॉलो म्हणतात, तिथल्या तोंडी हॉलर. एक ओढा, त्याच्या कडेने एक रस्ता, रस्त्याच्या कडेने घरं, मध्ये चर्च, वर खाण, असा सगळा संसार. चार्ल्सटनच्या दक्षिणेकडच्या टेकडीवर डॉक्टर, वकील, कंपन्यांचे अधिकारी राहत. ते 'हिलर'. ओढ्याकाठचे ते 'क्रीकर'. क्रीकर ही शिवी होती. घळींतल्या छोट्या शाळा बंद करून मुलांना बसने मोठ्या शाळेत न्यायला लागल्यापासून हे दोन शब्द एकाच वर्गात शेजारी बसायला लागले होते.

या लोकांना 'मागासलेले, धर्मभोळे' म्हणून बाजूला सारण्याआधी त्यांच्या दोन आठवणी ध्यानात ठेवायला हव्यात. पहिली लढ्याची. याच काउंटीतल्या पेंट क्रीक आणि केबिन क्रीकवर १९१२-१३ मध्ये खाणकामगार मालकांच्या हत्यारबंद पहारेकऱ्यांशी लढले होते. कामगारांच्या युनियनचे १९७४ मधले अध्यक्ष अर्नोल्ड मिलर हे केबिन क्रीकचेच. म्हणजे हे लोक कोणाच्या पुढ्यात वाकणारे नव्हते, आणि मतं पिढ्यानपिढ्या डेमोक्रॅटिक पक्षाला देणारे होते. दुसरी आठवण ताजी होती. २६ फेब्रुवारी १९७२ ला जवळच्या लोगन काउंटीत बफेलो क्रीकवर खाणीच्या गाळाचं धरण फुटलं आणि १२५ माणसं गेली. त्याच्या चारच दिवस आधी सरकारी निरीक्षकाने धरण समाधानकारक असल्याचा शेरा दिला होता. कंपनीच्या बाजूने म्हटलं गेलं की ही देवाची करणी आहे.

देवाची करणी कशाला म्हणावं हे ज्या माणसांना चांगलं ठाऊक आहे, त्यांना कंपनीचा वकील हे ऐकवतो. त्यानंतर दोन वर्षांनी शाळेचा तज्ज्ञ येऊन सांगतो की पुस्तकं आम्ही नीट तपासली आहेत, काळजी करू नका. त्यावर विश्वास कोण ठेवेल?

देशातलं वारंही वेगाने बदलत होतं. सुप्रीम कोर्टाने सरकारी शाळांतली प्रार्थना १९६२ साली आणि बायबलवाचन १९६३ साली बंद केलं होतं. जानेवारी १९७३ मध्ये गर्भपाताच्या हक्काचा निकाल आला होता. शाळा उघडायला महिनाही उरला नसताना ९ ऑगस्ट १९७४ ला निक्सन पायउतार झाले होते. ज्याला घट्ट धरून उभं राहावं असं वाटत होतं, ते सगळं दिल्लीवरून, म्हणजे त्यांच्या वॉशिंग्टनवरून, कोणीतरी काढून घेतंय ही भावना घराघरात होती.

पुस्तकं आणि अॅलिस मूर

राज्याच्या धोरणानुसार पुस्तकांत अमेरिकेतल्या सगळ्या वंश-संस्कृतींचं दर्शन घडायला हवं होतं. धोरण रास्त होतं. कनॉवात पाच शिक्षकांच्या समितीने पहिलीपासून बारावीपर्यंतच्या भाषाविषयासाठी तीनशेच्या वर पुस्तकं निवडली. त्यांत कृष्णवर्णीय लेखक होते, बंडखोर कवी होते, युद्धाबद्दल, धर्माबद्दल, सत्तेबद्दल प्रश्न विचारणारे उतारे होते. यादी ११ एप्रिल १९७४ ला काउंटीच्या शिक्षण मंडळापुढे आली.

पाच जणांच्या त्या मंडळात अॅलिस मूर एकट्या बाई. एका पाद्र्याची पत्नी, मुलांची आई, मूळच्या दक्षिणेतल्या मिसिसिपीच्या. शाळेतल्या लैंगिक शिक्षणाला विरोध करून त्या १९७० साली निवडून आल्या होत्या. बोलणं मृदू, आवाज कधी चढत नसे. चाहते त्यांना 'स्वीट अॅलिस' म्हणत.

त्यांचा पहिला आक्षेप काय होता हे बहुतेकांना ठाऊक नसतं. तो देवाधर्मावर नव्हता, लैंगिक उल्लेखांवरही नव्हता. तो बोलीभाषेवर होता. नव्या पुस्तकांची भूमिका अशी होती की प्रमाण इंग्रजी ही अनेक रूपांपैकी एक आहे. कृष्णवर्णीयांची बोली, डोंगराळ भागातली बोली यांत चूक काही नाही. मुलाला त्याच्या घरच्या भाषेची लाज वाटू देऊ नका. अॅलिस मूर म्हणाल्या, हे चालणार नाही, मुलांना शुद्ध इंग्रजी शिकवा.

भाषेच्या शिक्षिकेला हे उलटंच वाटतं. ज्यांच्या बोलीची सगळा देश चेष्टा करतो, त्यांच्याच बाजूने पुस्तक उभं राहतंय, आणि तेच लोक पुस्तक नको म्हणतात! मलाही बरीच वर्षं ते उलटं वाटायचं. मग एका पालकसभेत एक आई माझ्यापुढे येऊन बसली. मुलगा वर्गात 'आनि, पानी, कोन' म्हणायचा. मी त्याला हसू दिलं नव्हतं कोणाला. बोली अशुद्ध नसते हे मी वर्गात ठासून सांगायचे आणि आजही सांगते. मला वाटलं, ही माऊली आभार मानायला आली असेल. ती म्हणाली, "बाई, त्याचं पानी तेवढं सुधरा. आमचं गेलं असंच. त्याला हापिसात उभं ऱ्हायचंय." मी तिला बोलीचं महत्त्व समजावायला लागले. ती ऐकून घेत होती, मान हलवत होती, आणि तिच्या डोळ्यांत मला स्पष्ट दिसलं की तिने मला आपल्यातून वजा केलं. माझी स्वतःची भाषा चोख होती. 'ण' मला फुकट मिळाला होता. ज्याला तो कमवावा लागतो, त्याला मी सांगत होते की त्याची काही गरज नाही.

कनॉवातल्या घळींत हेच झालं असावं असं मला वाटतं. ज्यांच्याकडे शिडी आहे त्यांनी येऊन सांगितलं की शिडीला काही अर्थ नाही. हेतू चांगला होता. पण ओढ्याकाठच्या बापाला त्यात ऐकू आलं ते एवढंच, की माझं पोर क्रीकरच राहावं अशी यांची सोय आहे.

पुढे आक्षेप वाढत गेले. यादीत माल्कम एक्स या कृष्णवर्णीय मुस्लिम नेत्याचं आत्मचरित्र होतं. आपण वेळेवर बॉस्टनला आलो म्हणून अल्लाची कृपा, नाहीतर 'डोकं धुतलेला काळा ख्रिश्चन' म्हणूनच राहिलो असतो, अशा आशयाचं वाक्य त्यात आहे. अॅलिस मूर यांनी ते वाचलं आणि बाकीची पुस्तकं घरी मागवून घेतली. त्यानंतर त्या थांबल्या नाहीत. टेक्सासमधलं मेल आणि नॉर्मा गेब्लर हे दांपत्य आक्षेपार्ह क्रमिक पुस्तकं शोधून काढण्याचं काम वर्षानुवर्षं करत होतं. त्यांचीही मदत त्यांनी घेतली.

एक धडा मात्र जवळून पाहण्यासारखा आहे, कारण त्यात शिवी नाही, हिंसा नाही, काहीच 'गलिच्छ' नाही. लहान मुलांसाठी अँड्रोक्लिस आणि सिंहाची गोष्ट होती. गुलाम सिंहाच्या पायातला काटा काढतो, आणि पुढे तोच सिंह त्याला खात नाही. शिक्षकांसाठी सूचना अशी होती की या गोष्टीची बायबलमधल्या डॅनियलच्या गोष्टीशी तुलना करायला सांगावी. डॅनियललाही सिंहांच्या गुहेत टाकलं होतं, आणि तोही वाचला. साहित्याच्या अंगाने हा उत्तम प्रश्न आहे. पण सात-आठ वर्षांच्या ज्या मुलीला रविवारी चर्चमध्ये सांगितलंय की डॅनियल खरोखर वाचला आणि देवाने वाचवला, तिच्यापुढे सोमवारी शाळा दोन 'गोष्टी' शेजारी शेजारी मांडते. धडा बायबल खोटं आहे असं कुठेच म्हणत नाही. तो फक्त बायबलला इसापाच्या ओळीत बसवतो. आईबापांना नेमकं तेच लागलं, आणि त्यांना जे कळलं ते बरोबर कळलं होतं. तुलना निष्पाप नव्हती. ती एका जगातून दुसऱ्या जगात नेणारी होती. मुलांना त्या दुसऱ्या जगाची ओळख व्हायलाच हवी या मताची मी आहे. पण दार उघडताना 'इथे दार नाहीच' असं म्हणायचं नसतं.

ठिणगी ते स्फोट

मंडळाची निर्णायक बैठक २७ जून १९७४ ला झाली. पाऊस पडत होता, आणि सुमारे हजार माणसं आत मावेनात म्हणून बाहेर उभी होती. बारा हजार सह्यांचं विरोधाचं निवेदन आलं होतं. सत्तावीस पाद्र्यांनी पुस्तकं अनैतिक ठरवली होती, तर दुसऱ्या दहा पाद्र्यांनी आणि राज्यातल्या चर्चांच्या परिषदेने पुस्तकांची बाजू घेतली होती. ही फूट महत्त्वाची आहे. 'धर्म एका बाजूला, शिक्षण दुसऱ्या बाजूला' असं चित्र नंतर रंगवलं गेलं, ते खरं नाही. मंडळाने आठ पुस्तकं वगळली आणि बाकीची घ्यायचा निर्णय तीन विरुद्ध दोन मतांनी झाला.

शाळा ३ सप्टेंबरला उघडल्या. पंचेचाळीस हजारांपैकी सुमारे नऊ हजार मुलं आली नाहीत. दुसऱ्या दिवशी खाणी बंद पडू लागल्या. कारखान्यांपुढे, बस आगारांपुढे, दुकानांपुढे फलक घेऊन माणसं उभी राहिली. बाहेरच्यांना हे विचित्र वाटलं, पुस्तकासाठी खाणीचा संप कशाला? पण या खोऱ्यात अन्यायाला उत्तर द्यायचं एकच साधन बापजाद्यांपासून हाताशी होतं. कोणी रांग धरून उभा असेल, तर ती ओलांडायची नाही. त्यांनी तेच केलं. एका फलकावर लिहिलं होतं की डोंगऱ्यांनाही घटनेने हक्क दिलेत. मूळ शब्द 'हिलबिली', म्हणजे जी शिवी त्यांना दिली जायची तीच त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिली होती.

मंडळाने ११ सप्टेंबरला पुस्तकं महिनाभरासाठी मागे घेतली आणि नागरिकांची समिती नेमली. ताण उतरला नाही. गोळीबारात माणसं जखमी झाली, मारहाण झाली, काही दिवस शाळा बंद ठेवाव्या लागल्या. शाळेच्या बसवर गोळ्या झाडल्या गेल्या. एका पाद्र्याने तर मंडळाच्या सदस्यांना देवाने मारावं म्हणून प्रार्थना करायला सांगितलं. ऑक्टोबरमध्ये प्राथमिक शाळांवर पेटते बॉम्ब आणि डायनामाइट टाकले गेले. ३० ऑक्टोबरच्या रात्री शिक्षण मंडळाच्या इमारतीतच डायनामाइटचा स्फोट झाला. कोणी मेलं नाही, ते नशीब.

याबद्दल मी काही समजूतदारपणा दाखवणार नाही. ज्या शाळेत सहा वर्षांची मुलं बसतात, तिथे डायनामाइट ठेवणाऱ्याच्या दुखावलेल्या भावना मला ऐकायच्या नाहीत. आंदोलनाचे एक नेते, पाद्री मार्व्हिन होरान, यांना शाळा उडवण्याच्या कटात १९७५ साली तीन वर्षांची शिक्षा झाली, आणि ती योग्यच होती.

खोटेपणाही भरपूर झाला. गावोगाव वाटलेल्या पत्रकांत असे अश्लील उतारे होते जे निवडलेल्या पुस्तकांत नव्हतेच. लोकांनी ते पुस्तक समजून वाचले. ज्यांनी वाटले त्यांतल्या काहींना तरी ते ठाऊक असणारच.

वर्णद्वेषाचं काय?

इथे पुस्तकांचे विरोधक लगेच सांगतात: आम्ही काळ्यांविरुद्ध नव्हतो, घाणेरड्या भाषेविरुद्ध होतो. आणि पुस्तकांचे समर्थक म्हणतात: बाकी सगळं सोंग, मूळ दुखणं कातडीचं.

ज्या पुस्तकांवर सगळ्यात जास्त आगपाखड झाली, त्यांत कृष्णवर्णीय लेखक फार मोठ्या प्रमाणात होते. जानेवारी १९७५ मध्ये चार्ल्सटनला राज्याच्या विधानभवनाच्या पायऱ्यांवर कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी हिंसा करणाऱ्या संघटनेची सभा झाली, आणि तिथे पुस्तकांच्या विरोधकांना व्यासपीठ मिळालं. ज्याच्या रांगेत क्लॅन येऊन उभी राहते आणि जो तिला हाकलत नाही, त्याने 'आमचा त्याच्याशी संबंध नाही' म्हणू नये. शहरातल्या कृष्णवर्णीय वस्तीला हे सगळं कसं दिसलं असेल याचा विचार या गोष्टीच्या फार थोड्या कथनांत येतो. फर्स्ट बॅप्टिस्ट चर्चचे पाद्री रॉनल्ड इंग्लिश यांनी पुस्तकांची बाजू उघडपणे घेतली. ते पूर्वी अटलांटात मार्टिन ल्यूथर किंग यांच्याच चर्चमध्ये होते. त्यांच्या मंडळींची मुलं याच शाळांत होती. क्रमिक पुस्तकात आपल्यासारखं कोणी पहिल्यांदा भेटतं, आणि गावातले हजारो लोक ते जाळायच्या गोष्टी करतात, हे त्या मुलांनी पाहिलं. क्रीकरच्या अपमानाबद्दल मी इतकं लिहिलं, पण हा अपमान त्याहून मोठा होता.

तरीही सगळं रंगाच्या खात्यात टाकून मोकळं होता येत नाही. टेकडीवरच्या सुशिक्षितांनी त्या काळात या लोकांबद्दल जे बोललं-लिहिलं, त्यात 'अडाणी' हा सूर सतत लागलेला दिसतो. पुस्तकं लोकांना पाहण्यासाठी ग्रंथालयात ठेवली होती, कोणी आलं नाही, असं सांगितलं गेलं. ग्रंथालय शहरात होतं. तीन पाळ्यांत काम करणाऱ्या माणसाने तीनशे पुस्तकं कधी आणि कशी पाहायची होती? घळीतल्या एकाही चर्चच्या सभागृहात चार पेट्या नेऊन, खुर्च्या मांडून, 'या, बघा, बोला' असं म्हणण्याइतकी तसदी घेतली असती तर भांडण झालंच नसतं असं नाही. पण भांडण पुस्तकांवर झालं असतं. झालं ते 'आम्हाला कोणी विचारलं?' यावर.

पालकांची सही

नागरिकांच्या समितीत अठरा जण होते. तीही फुटली. बहुमताने बहुतेक पुस्तकं परत आणा म्हटलं. अल्पमताने वेगळी चूल मांडली आणि आक्षेपांची जाडजूड यादी दिली. काउंटीच्या शाळांचे अधीक्षक केनेथ अंडरवूड यांनी पद सोडलं. ८ नोव्हेंबरला मंडळाने बहुतेक पुस्तकं शाळेत परत आणायचं ठरवलं. सगळ्यात वादग्रस्त संच वर्गात न ठेवता ग्रंथालयात ठेवायचे आणि पालकांची लेखी परवानगी असेल तरच मुलाला द्यायचे, असं ठरलं. धार्मिक किंवा नैतिक कारणाने आक्षेप असेल तर कोणत्याही मुलावर ते पुस्तक लादायचं नाही, हेही ठरावात होतं.

कागदावर ही तोड चांगली होती. ज्याला हवं त्याने वाचावं, नको त्याने वाचू नये. पण आंदोलन थांबलं नाही, आणि याचं कारण मला या प्रकरणातलं सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं. विरोधकांना सवलत नको होती. माझ्या मुलीला धड्याच्या वेळी वर्गाबाहेर बसवा, हे त्यांना शिक्षेसारखं वाटत होतं. शाळा त्यांची होती, कर ते भरत होते, आणि त्या शाळेत त्यांचंच मूल दाराबाहेर बसणार. पंचवीस वर्षांपूर्वी त्याच वर्गात प्रार्थना होत असे, तेव्हा ज्यू मुलगा बाहेर बसायचा. त्या मुलाला तेव्हा काय वाटलं असेल हा विचार आंदोलनात कोणी केल्याचं मला कुठे दिसलं नाही. तो केला असता तर बऱ्याच गोष्टी वेगळ्या झाल्या असत्या.

२१ नोव्हेंबरला मंडळाने अॅलिस मूर यांना हवे होते तसे निवडीचे नवे निकष मान्य केले. पुस्तकाने घरातल्या खाजगी गोष्टी विचारू नयेत, शिवीगाळ नसावी, देशाबद्दल निष्ठा वाढावी, राष्ट्राच्या संस्थापकांची बदनामी नको, व्याकरण पारंपरिक नियमांनी शिकवावं. ते निकष काटेकोर लावले तर शेक्सपिअरही अडेल. म्हणजे पुस्तकं जिंकली आणि नियम हरले. किंवा उलट. बऱ्याच शाळांत ती पुस्तकं परत आली, पण शिक्षकांनी हातच लावला नाही. ज्या शिक्षकाने एकदा आपल्या शाळेच्या भिंतीवर स्फोटाच्या खुणा पाहिल्या, तो पुढच्या वर्षी कुठली कविता शिकवायची हे कवितेवरून ठरवत नाही.

पाण्यातला दगड

कनॉवाकडे बाहेरच्यांचंही लक्ष गेलं. हेरिटेज फाउंडेशन ही वॉशिंग्टनची उजव्या विचारांची संस्था १९७३ साली सुरू झाली होती, म्हणजे जेमतेम वर्षाची होती. आंदोलकांच्या मदतीला तिने आपला वकील पाठवला. राष्ट्रीय शिक्षक संघटनेने चौकशी पथक पाठवलं. वेस्ट व्हर्जिनियाच्या घळीतल्या रागाला देशभराचा उपयोग आहे हे चाणाक्ष लोकांनी तिथे ओळखलं. पुढे १९७९ साली मॉरल मेजॉरिटी ही परंपरावादी ख्रिश्चनांची राजकीय संघटना आली, १९८० साली रिपब्लिकन पक्षाचे रेगन निवडून आले.

वेस्ट व्हर्जिनिया मात्र लगेच फिरलं नाही. त्याने १९८० साली रेगन यांच्या विरोधात डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्टर यांना मत दिलं, १९८८ साली त्याच पक्षाच्या डुकाकिस यांना दिलं, क्लिंटन यांना दोनदा दिलं. टिकणारा पलटा २००० साली आला. २०१६ साली ट्रम्प यांनी राज्यातल्या ५५ च्या ५५ काउंट्या जिंकल्या. या बदलामागे कोळशाची घसरण आहे, युनियनचं मोडणं आहे, पर्यावरणाचे कायदे आहेत, नशेच्या गोळ्यांनी उद्ध्वस्त झालेली घरं आहेत. एका पुस्तकभांडणाने हे घडलं असं म्हणणं खोटं होईल. पण युनियन असेपर्यंत या लोकांच्या रागाला दुसरी वाट होती, आणि त्या वाटेवर डावा पक्ष त्यांच्या बरोबर चालत होता. ती वाट बंद झाली तेव्हा उरलेली वाट १९७४ मध्येच मळलेली होती.

२०२१ साली व्हर्जिनियात गव्हर्नरपदाच्या वादसभेत डेमोक्रॅटिक उमेदवार टेरी मॅकऑलिफ म्हणाले की शाळांनी काय शिकवावं हे पालकांनी सांगावं असं मला वाटत नाही. त्या एका वाक्याच्या जाहिराती झाल्या, आणि ते हरले. विधान म्हणून त्यात थोडं तथ्य आहे. प्रत्येक पालकाच्या पसंतीने धडे ठरू शकत नाहीत. पण ऐकणाऱ्याला ते ग्रंथालय शहरात ठेवल्यासारखं वाटलं.

मेरिलँडमधल्या माँटगोमेरी काउंटीत आता भारतीय घरं खूप आहेत, मराठीही आहेत. तिथल्या शाळांत समलिंगी आणि पारलिंगी पात्रं असलेली चित्रपुस्तकं लहान वर्गांत आली. सुरुवातीला पालकांना मूल बाहेर ठेवायची मुभा होती, मग ती काढून घेतली. कोर्टात गेलेल्यांत मुस्लिम होते, कॅथलिक होते, ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन होते. सुप्रीम कोर्टाने सहा विरुद्ध तीन मतांनी पालकांची बाजू घेतली. निकालाची तारीख २७ जून २०२५. कनॉवाच्या त्या पावसाळी बैठकीला त्या दिवशी बरोबर एक्कावन्न वर्षं झाली होती. माझ्या मते ती पुस्तकं शाळेत असायला हवीत, कारण त्या वर्गात दोन आया असलेलं मूलही बसतं आणि त्यालाही कधीतरी स्वतःचं घर पानावर दिसलं पाहिजे. आणि माझ्याच मते मुभा काढून घेणं चूक होतं. कनॉवात निदान सहीचा कागद तरी पुढे केला होता.

जेम्स मॉफेट

शेवटी एका माणसाबद्दल. ज्या पुस्तकसंचांवर कनॉवात सगळ्यात जास्त वाद झाला, त्यांतल्या एकाचे प्रमुख संपादक जेम्स मॉफेट. अमेरिकेत भाषा कशी शिकवावी यावर आयुष्यभर काम केलेला माणूस. त्यांचा तो संच या वादानंतर बाजारात टिकलाच नाही. वर्षानुवर्षांची मेहनत एका खोऱ्यात संपली. विरोधकांबद्दल त्यांचं मत कडक होतं. माणसाला कधी कधी जाणून घ्यायचीच भीती वाटते, आणि कनॉवात तीच भीती दिसली, असं त्यांचं निदान होतं.

पण १९८२ साली ते स्वतः कनॉवात परत गेले. ज्यांनी त्यांची पुस्तकं बंद पाडली त्या नेत्यांना भेटले, त्यांच्या समोर बसले, टेप चालू केला, आणि प्रश्न विचारून ऐकत राहिले. त्यांचं बोलणं पुढे १९८८ साली आपल्या पुस्तकात त्यांच्याच शब्दांत छापलं, त्यांच्या बोलीसकट. तोवर मॉफेट यांच्या क्रमिक पुस्तकांची छपाई कधीच थांबली होती.